बावीस पावलं, न बघता

जालन्याहून भोकरदनला जाताना, केदारखेड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून मुरमाड माळाचा एक तुकडा आहे. तिथे अकरा निळे ड्रम, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांच्या चार उतरंडी आणि ठिबकच्या नळ्यांची माणसाच्या कमरेएवढी वेटोळी ठेवलेली आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे भंगाराचं गोदाम वाटतं. प्रत्यक्षात ते पेंटबॉलचं मैदान आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन संघ, गॅसवर चालणाऱ्या बंदुका, आणि बोराएवढ्या, पातळ कवचाच्या, आत रंग भरलेल्या गोळ्या. गोळी अंगावर फुटली की खेळाडू बाद. बाद झालेल्याने हात वर करायचा आणि तोंडातून एक शब्दही न काढता मैदानाबाहेर जायचं. या शेवटच्या नियमाचा पुढे संबंध येतो.

माळ आमच्या कप्तानाचा. त्याच्याकडे बाकी जमीन काळी, कपाशीची. या तुकड्यात काही पिकत नव्हतं. एका बंद पडलेल्या करमणूक केंद्राच्या बंदुका आणि मास्क त्याने उचलून आणले आणि मैदान सुरू केलं. शनिवारी वाढदिवसाची पोरं यायची. रविवारी सकाळी आमचा सराव. संघात पाच जण होतो: कप्तान, घनसावंगी ते जालना काळी-पिवळी जीप चालवणारा एक जण, मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला एक अबोल गृहस्थ, मी आणि मैदानातली माझी जोडीदार.

मी जालन्यात एका दैनिकात उपसंपादक आहे. ती तेव्हा बियाण्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर बिया ठेवायच्या, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडायची, आणि किती उगवल्या ते मोजायचं, हे तिचं काम. गाव हसनाबाद. वडील शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त. एप्रिलमधले पहिले दोन रविवार ती सरावाला यायची नाही, गावात जयंतीची तयारी असायची. बाकी वर्षभर तिची गैरहजेरी मला आठवत नाही.

मैदानाला चुन्याची रेषा होती. कप्तानाचा नियम असा की रेषेच्या आत सगळे एकमेकांना तू म्हणणार. "अहो सर, जरा डावीकडं सरकता का, इतकं म्हणेपर्यंत गोळी बसती," असं त्याचं कारण होतं. रेषेबाहेर आलं की ती मला तुम्ही म्हणायची आणि मी तिला मॅडम.

सराव तीन प्रकारचा. पहिला डोकावण्याचा. ड्रममागे गुडघ्यावर बसायचं, बाजूने डोकं आणि बंदूक एकदम बाहेर काढायची, समोर टांगलेल्या स्टीलच्या ताटलीवर एक गोळी मारायची आणि आत यायचं. वरून डोकावायचं नाही, दोनदा एकाच बाजूने डोकावायचं नाही. दुसरा हात बदलण्याचा. ड्रमच्या उजवीकडून उजव्या हाताने, डावीकडून डाव्या हाताने. जो उजव्याच हाताने दोन्हीकडून मारायला जातो त्याचा अर्धा देह उघडा पडतो. जीपवाल्याला हे जमायला चार महिने लागले. तो म्हणायचा, "डाव्या हातानं मी फक्त गिअर टाकतो भाऊ, तेबी गिऱ्हाईक दाबून बसल्यावर."

तिसरा सराव जोडीने पळण्याचा. यात एक जण आडोशामागून समोरच्यावर गोळ्या मारत राहतो, म्हणजे समोरचा डोकं वर काढत नाही. तेवढ्या वेळात दुसऱ्याने पळून पुढचा आडोसा गाठायचा. समोरचा केव्हा दबला आहे हे मारणाऱ्यालाच दिसतं. म्हणून पळायचं केव्हा हे तोच सांगणार. पळणाऱ्याने फक्त जिथे पोहोचायचं तिथे बघायचं. शत्रूकडे मान वळवली की पाय मंदावतात.

सांगायचं कसं, यावर कप्तानाचं स्वतःचं मत होतं. लहानपणी तो ज्वारीच्या रानात माचाणावर बसून पाखरं हाकलायचा. तिथून बांधापलीकडच्या माणसाला बोलवायला हाळी घालायची. तो म्हणाला, गोंधळात शब्द ऐकू येत नाही, हाळी येते, कारण प्रत्येकाची हाळी वेगळी असते. प्रत्येकाने लहानपणी आपल्याला घरी कसं बोलवायचे ते आठवावं आणि तीच हाळी घ्यावी. मोबाइलवाल्याने शिट्टी निवडली. जीपवाल्याने "जालना, जालना, जालना!" अशी आरोळी ठोकली आणि त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही, कारण ती खरोखर सगळीकडे ऐकू जायची.

तिची हाळी तिच्या वडिलांची होती. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर उभं राहून ते नदीकडे गेलेल्या मुलांना बोलवायचे. आधी "ओऽऽ", खालच्या पट्टीत, लांब. मग तोडून "ये!" पहिल्या भागावर तयार व्हायचं, दुसऱ्यावर पळायचं.

माझ्याकडे हाळी नव्हती. मी जालन्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलो, तिथे बेल होती. मी "आता" म्हणायचो.

निळ्या ड्रमपासून टायरांपर्यंत माझी बावीस पावलं व्हायची. सातव्या पावलाला मी डावीकडे बघायचो. दर वेळी. हे मला माहीत नव्हतं, कप्तानाने दाखवून दिलं. गोळ्या पुण्याहून यायच्या, त्या सरावात उधळायच्या नाहीत असा त्याचा कटाक्ष होता. म्हणून तो समोर गोफण घेऊन उभा राहायचा. सरकीसकट कापूस फडक्यात बांधून त्याचे लिंबाएवढे गोळे केलेले, ते चुन्याच्या पाण्यात बुडवलेले. मी मान वळवली की गोफण फिरायची आणि डाव्या खांद्यावर पांढरा ठिपका उमटायचा. मान वळवली नाही तर तो मारायचा नाही. पहिल्या हिवाळ्यात माझ्या निळ्या शर्टाचा डावा खांदा पांढराच झाला होता.

"पत्रकार, तू पळून राह्यला का बातमी लिहून राह्यला?"

"बघितलं फक्त."

"काय बघितलं?"

"तुम्ही कुठे आहात ते."

"तू," जोडीदार मागून म्हणाली. "रेषेच्या आत आहेस."

"मी कुठं जाणार हाय," कप्तान म्हणाला. "माझ्याच वावरात हाय. ती सांगून राह्यली ना, ये म्हणून? मंग? तिच्यावर भरवसा न्हाई का?"

भरवशाचा प्रश्न नव्हता. माझ्या कामात एका माणसाने सांगितलेली गोष्ट ही गोष्ट नसते. दुसऱ्याकडून खात्री करायची, कागद मागायचा, शक्य असेल तर जाऊन बघायचं. पंधरा वर्षं हे केल्यावर मान आपोआप वळते. मी हे कप्तानाला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या मास्कच्या काचेवर दोन्ही बाजूंनी काळी चिकटपट्टी लावली. मध्ये दोन बोटांची फट. बैलाला झापड लावतात तसं. त्या दिवशी मी नऊ वेळा पळालो आणि एकदाही बघितलं नाही. पट्टी काढली आणि दहाव्या वेळी सातव्या पावलाला मान वळली.

जीपवाला म्हणाला, "याला पट्टी लावूनच खेळवा. मॅच जिंकलो की काढू."

नोव्हेंबरात तिने सांगितलं की कर्नाटकातल्या एका संशोधन केंद्रात तिला जागा मिळाली आहे. फेब्रुवारीत रुजू व्हायचं होतं. मध्ये जानेवारीत छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर एक छोटी स्पर्धा होती, पाच संघांची. आमची पहिलीच. तिची आमच्याबरोबरची शेवटची. त्या दिवसापासून माझ्यासमोर एकच गोष्ट होती. ती जाण्याआधी, एकदा तरी, खऱ्या सामन्यात, तिच्या हाळीवर मला न बघता पळायचं होतं. जिंकणं-हरणं याच्या बाहेरचं होतं. यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं होतं का, असं कुणी विचारलं तर उत्तर होय असं आहे. मी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

डिसेंबरात आम्ही दोघं सरावाला अर्धा तास आधी यायला लागलो. मी मोटारसायकलवर जालन्याहून, ती एसटीने. थंडी असायची, ड्रमवर दव असायचं, रस्त्यापलीकडे कपाशीत शेवटची वेचणी चाललेली असायची आणि बायका काम थांबवून आमच्याकडे बघायच्या. एकदा एकीने बांधावरून विचारलं, "का वं बाई, ह्यो माणूस सारखा का पळून राह्यला? कुत्रं लागलं का मागं?"

"न्हाई मावशी," जोडीदार ओरडली. "शिकून राह्यला."

"एवढा घोडा झाला अन् पळायला शिकून राह्यला?"

बायका बराच वेळ हसत होत्या. तीही हसली. मास्क डोक्यावर सरकवलेला, बंदूक ड्रमला टेकवलेली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "एक सांगू? तू माझ्या आवाजाकडं एकाच बाजूनं बघतोस. ये म्हटलं म्हणजे पळायचं, एवढंच. दुसरी बाजू बघ ना. धोका असला तर मी बोलणारच नाही. मी गप्प आहे म्हणजे सुद्धा मी काहीतरी सांगतेय. आवाज आला तर पळ. आवाज आला नाही तर हलू नको. बघायचं काम माझं. मी आठवडाभर बियांकडं बघत बसते, रविवारी तुझ्यासाठी बघते. तू कशाला डबल ड्यूटी करतो?"

याचा परिणाम झाला. कारण नेमकं सांगता येत नाही. कदाचित शांततेलाही अर्थ आहे हे कळल्यावर खात्री करायला काही उरलं नाही. त्या रविवारी मी तिसऱ्या खेपेला पळालो आणि टायरांमागे पोहोचल्यावर लक्षात आलं की सातवं पाऊल कधी गेलं ते मला माहीत नाही. कप्तान गोफण खाली सोडून म्हणाला, "बराबर." त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. डिसेंबर संपेपर्यंत खांद्यावर एकही ठिपका पडला नाही.

स्पर्धेला आम्ही जीपमधून गेलो. जीपवाल्याने सवयीने राजूरच्या चौकात गाडी हळू केली आणि दोन माणसं चढायला लागली, त्यांना उतरवावं लागलं. तिथलं मैदान हिरवळीचं होतं आणि आडोसे हवा भरून फुगवलेले, लाल-पिवळे. दोन्ही टोकांना एकेक खांब आणि त्याला पितळी घंटा. समोरच्याची घंटा वाजवली की सामना जिंकला. वेळ पाच मिनिटं.

पहिला सामना जिंकलो. जीपवाल्याच्या "जालना, जालना"ने समोरचे गोंधळले, हे त्यातलं एक कारण. दुसऱ्या सामन्यात तीन मिनिटांनंतर कप्तान, जीपवाला आणि मोबाइलवाला बाद झाले होते. समोरचेही तीन. उरलो मी आणि ती. मी उजवीकडच्या पिवळ्या आडोशामागे. ती माझ्या डावीकडे, थोडी मागे. माझ्यापासून घंटा अठरा पावलांवर होती. सामन्याआधी मी चालून मोजलं होतं.

ती मारायला लागली. मी पाय रोवले, डोळे घंटेवर ठेवले.

"ओऽऽ..."

आणि थांबली.

मी "ये"ची वाट बघत होतो. ते आलं नाही. समोर अठरा पावलं मोकळं गवत होतं. आवाज आला नाही तर हलू नको. मी हललो नाही. मान वळवली नाही. तो क्षण मला स्पष्ट आठवतो, कारण त्यात मला अडचण अशी वाटलीच नाही. ती गप्प होती, म्हणजे ती बघत होती. मला फार निश्चिंत वाटत होतं. इतकं निश्चिंत मला त्याआधी किंवा नंतर कधी वाटल्याचं आठवत नाही.

मग पाठीवर गोळी फुटली.

काय झालं होतं ते मला नंतर चौघांनी सांगितलं, आणि चौघांचं सांगणं जुळत होतं. "ओऽऽ" चालू असतानाच तिच्या मास्कवर गोळी बसली होती. तिने हात वर केला आणि नियमाप्रमाणे तोंड मिटून बाहेर गेली. त्याच वेळी समोरच्यांतला एक बंदुकीत गोळ्या भरत होता आणि दुसरा मास्कची काच पुसत होता. कप्तानाने मनात मोजलं, अकरा सेकंद घंटेपाशी कुणी नव्हतं. त्यानंतर त्यांच्यातला एक वळसा घालून माझ्या मागे आला. अठरा पावलांना पाच सेकंद पुरतात. बाद झालेले माझे चारही साथीदार रेषेबाहेर एका ओळीत उभे राहून मला बघत होते आणि चौघांनाही बोलायची बंदी होती. जीपवाल्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. मी फक्त डावीकडे मान वळवली असती तर ती जागेवर नाही हे मला दिसलं असतं.

सामना संपल्यावर कप्तान पाण्याची बाटली घेऊन आला.

"कशाची वाट बघून राह्यलता?"

"हाळीची."

त्याने बाटलीचं झाकण काढून ती माझ्या हातात दिली. दोन वर्षं गोफणीने मारून त्याने मला जे शिकवलं होतं तेच मी केलं होतं. जीपवाला म्हणाला, "एक पोरगं हयातभर मान वळवतं, अन् ज्या दिवशी वळवायची त्या दिवशी देवळातल्या नंदीसारखं बसतं. बिलकुल हललं न्हाई हो." मग त्याने माझ्या पाठीवरचा रंग आपल्या गमछ्याने पुसला. पुसताना तो नेहमीपेक्षा हळू हात फिरवत होता.

परतताना ती पुढच्या सीटवर होती, मी मागे. बदनापूर गेल्यावर तिने मागे वळून विचारलं, "तुम्ही बघितलं का नाही?"

"तुम्ही सांगितलं होतं, मॅडम."

"मी बाद होते."

"ते मला कसं कळणार?"

"बघून," ती म्हणाली. मग समोर वळून, "चूक माझी आहे. बाद झाल्यावर काय करायचं ते सांगायचं राहिलं."



फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ती मास्क परत करायला माळावर आली. सराव नव्हता, कप्तानाकडे पाहुणे होते. जीपवाला तिला जालन्याच्या बसस्थानकावर सोडणार होता. गाडी रस्त्याच्या कडेला चालू ठेवून तो आत बसला होता. तिने मास्क ड्रमवर ठेवला. आम्ही दोघंही रेषेच्या बाहेरच उभे होतो, आणि तिकडे कोणतं काम, राहायची सोय काय, असं बोलत होतो. सगळं तुम्ही-आम्हीमध्ये. मग तिने एकदा जीपकडे बघितलं, रेषा ओलांडली आणि निळ्या ड्रममागे जाऊन उभी राहिली.

"चल," ती म्हणाली. "जागा घे."

मी जागा घेतली. हातात बंदूक नाही, तोंडावर मास्क नाही, समोर कुणी नाही. कपाशीही उपटून झाली होती. पऱ्हाट्यांचे ढीग तेवढे बांधावर होते.

"ओऽऽ ये!"

मी पळालो. डोळे टायरांवर ठेवले. बावीस पावलं झाली, मी टायरांमागे गुडघ्यावर बसलो, शिकवल्याप्रमाणे डोकं खाली घेतलं आणि श्वास घेतला. मग उठून मागे बघितलं, तेव्हा ती रेषेच्या बाहेर गेली होती. तिची पाठ माझ्याकडे होती. जीपचं दार उघडं होतं. ती आत बसली, जीपवाल्याने नेहमीसारखे दोन हॉर्न दिले, गाडी राजूरच्या दिशेने गेली.

त्याला आता दोन हिवाळे झाले. सराव चालू आहे. माझी जोडी मोबाइलवाल्याशी आहे, तो शिट्टी देतो, मी पळतो. मान वळत नाही. कप्तानाने गोफण घरी नेली, ती सध्या खरोखरच्या पाखरांसाठी वापरतात. नव्या खेळाडूंना तो माझं उदाहरण देतो, आधी पहिलं आणि मग दुसरं: न बघता कसं पळावं, आणि बघायचं कधी. बाद झालेल्या जोडीदाराने बाहेर जाताना वाटेतल्या ड्रमवर थाप मारायची, असा एक उपाय त्याने सुचवला होता. स्पर्धेच्या पंचांनी तो मान्य केला नाही. तेही बोलणंच झालं, असं ते म्हणाले.

मी ज्या गोष्टी बघितल्या त्या इथे क्रमाने लिहिल्या आहेत. एक नोंद माझ्याकडे नाही. त्या रविवारी, मी ड्रमपासून टायरांपर्यंत पळत होतो तेव्हा, ती माझ्याकडे बघत किती वेळ उभी होती, आणि तेव्हा तिचा चेहरा कसा होता. रस्त्यावर जीप उभी होती, पण जीपवाला म्हणतो की तो त्या वेळी आरशात बघून भांग पाडत होता. दुसरा साक्षीदार नाही.

कधीकधी सराव संपल्यावर मी एकटाच निळ्या ड्रमपाशी थांबतो. तिथून टायरांकडे बघितलं तर पळणाऱ्या माणसाची फक्त पाठ दिसेल, हे मी तपासून घेतलं आहे.